अपक्षाच्या मागे उभं राहताना: वाचकांचे प्रश्न

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात ४,१३६ उमेदवार होते. त्यांपैकी २,०८६ अपक्ष, आणि निवडून आलेले अपक्ष दोनच: जुन्नरचे शरद सोनवणे आणि चंदगडचे शिवाजी पाटील. बाकीच्यांच्या मागेही माणसं होती. रजा टाकून फिरलेली, वर्गणी गोळा केलेली, निकालानंतरही न पांगलेली. या अंकातले प्रश्न अशाच वाचकांनी पाठवले आहेत. उत्तरांतले नियम लोकसभा-विधानसभेचे आहेत. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथल्या रकमा आणि मर्यादा वेगळ्या असतात, त्या तहसील कार्यालयातून घ्याव्यात.

आमचे उमेदवार तिसऱ्यांदा उभे राहत आहेत. दोन्ही वेळा डिपॉझिट गेलं. घरचे म्हणतात, मत वाया घालवू नकोस. खरंच वाया जातं का?
(एक वाचक, जत)

घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते उडवून लावू नका. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मतांना जागा मिळत नाही. शिवाय दोन मोठ्या आघाड्यांत सरळ सामना झाला की मधल्या उमेदवाराची मतं आटतात. २०१९ मध्ये राज्यात १३ अपक्ष आमदार झाले होते, पाच वर्षांत ते दोनवर आले.

तरीही ‘वाया’ म्हणायला आमची तयारी नाही. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटील हे केंद्रीय मंत्री उभे असताना नगरसेवक जॉर्ज फर्नांडिस जिंकतील असं फार थोड्यांना वाटत होतं, आणि ते जिंकले. २०२४ मध्ये सांगलीत विशाल पाटील अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. अर्थात त्यांच्यामागे वसंतदादांच्या घराण्याची पुण्याई आणि काँग्रेसचे तयार कार्यकर्ते होते, हे विसरून चालणार नाही. त्याच वर्षी मालेगाव मध्यमध्ये एका नव्या छोट्या पक्षाचे आसिफ शेख अवघ्या १६२ मतांनी हरले. तिथल्या कुठल्याही कार्यकर्त्याला मत वाया गेलं असं कुणी सांगून बघावं.

तुम्ही विचारायचा प्रश्न असा: पहिल्या निवडणुकीपेक्षा दुसऱ्या वेळी किती गावांत मतं वाढली? वाढली असतील तर तिसऱ्यांदा उभं राहण्याला अर्थ आहे. दोन्ही वेळा त्याच दहा-बारा गावांत तेवढीच मतं पडली असतील, तर उमेदवाराशी स्पष्ट बोला. निष्ठेत हे बोलणंही येतं.

डिपॉझिट वाचवायला नेमकी किती मतं लागतात? आणि लोकांनी दिलेली चिल्लर तशीच भरली तर चालते का?
(एक वाचिका, माजलगाव)

एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त. बरोबर एक षष्ठांश मिळाली तरी रक्कम जाते. ‘नोटा’ची, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ची, मतं यात धरत नाहीत. समजा यंत्रातली आणि टपाली मिळून २,१२,४०० मतं मोजली आणि त्यांत नोटा २,४०० आहेत. मग हिशोब २,१०,००० वर होतो, त्याचा सहावा भाग ३५,०००, म्हणजे तुम्हाला किमान ३५,००१ हवीत. विधानसभेला अनामत १०,००० रुपये, लोकसभेला २५,००० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला याच्या निम्मी. अर्ज छाननीत बाद झाला किंवा मुदतीत मागे घेतला तर रक्कम परत मिळते.

चिल्लरीबद्दल. एक रुपया आणि त्यावरची नाणी कायद्याने एका वेळी १,००० रुपयांपर्यंतच स्वीकारणं बंधनकारक आहे. त्यापुढची नाणी अधिकारी नाकारू शकतो. अर्ज घ्यायची वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. शेवटच्या दिवशी पोतं घेऊन गेलात आणि मोजणीत तीन वाजले, तर नुकसान तुमचंच. लोकांनी प्रेमाने दिलेली नाणी आधीच बँकेत किंवा किराणा दुकानात मोडून नोटा करा. धनादेश चालत नाही. रोख किंवा कोषागारात भरल्याचं चलन चालतं.

सूचक म्हणून सही करायला दहा जण तयार आहेत. एवढ्यावर भागेल ना?
(एक वाचक, दिंडोरी)

नियमाने भागेल, पण भागवू नका. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारा मतदार, पुरतो. अपक्षाला आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात, आणि दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. एकाचं नाव शेजारच्या मतदारसंघात निघालं, की उरलेले नऊ उपयोगाचे नाहीत.

एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, अनामत एकदाच लागते. निदान दोन संच भरा आणि प्रत्येकात वेगळे दहा जण घ्या. २०२४ मध्ये सुरतेत काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनी ‘ही सही आमची नाही’ असं प्रतिज्ञापत्र दिलं, अर्ज बाद झाला आणि तिथली लोकसभेची जागा बिनविरोध गेली. मोठ्या पक्षाचं हे झालं, मग अपक्षावर दबाव आला तर काय होईल याचा विचार करा. सूचक निवडताना ज्याची नोकरी, टपरी किंवा कर्ज कुणाच्या हातात नाही असा माणूस बघा. अंगठा उठवणारा सूचक असेल तर तो अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो, म्हणून त्याला बरोबर न्या.

नावं मतदार यादीच्या ताज्या प्रतीवरून, पुरवणी यादीसह, एकाने वाचायची आणि दुसऱ्याने अर्जावर बोट ठेवून ताडायची. अर्जासोबतच्या शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहा.

कार्यकर्ते दीडशे आहेत, सगळे मनापासून काम करणारे. बूथ साडेतीनशे. माणसं कुठे लावायची?
(एक वाचक, करमाळा)

सगळीकडे लावू नका. अपक्षांच्या प्रचारात सर्वांत जास्त ताकद वाया जाते ती इथे. एका बूथला मतदानाच्या दिवशी चार माणसं लागतात: आत बसणारा पोलिंग एजंट, त्याला सुट्टी देणारा एक, आणि बाहेर टेबलावर दोघं. साडेतीनशे बूथना चौदाशे माणसं होतात. दीडशेत तुम्ही पस्तीस-सदतीस बूथ नीट सांभाळाल. मागच्या वेळी जिथे मतं पडली ते आणि त्यांच्या शेजारचे बूथ घ्या. बाकी ठिकाणी फक्त आतला एजंट बसवता आला तर बसवा.

प्रचाराचे दिवस मोजून घ्या. २०२४ मध्ये अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, मतदान २० ला होतं आणि जाहीर प्रचार १८ च्या संध्याकाळी थांबला. दोन आठवडेच हातात आले. एका बूथवर नऊशे-हजार मतदार धरले तर साधारण अडीचशे घरं होतात. दोघांची जोडी संध्याकाळी सहा ते नऊ तीस घरं करते, म्हणजे एक फेरी आठ-नऊ दिवसांत होते. दुसरी फेरी फक्त ‘बघू’ म्हणालेल्या घरांची. यादीच्या छापील प्रतीवर प्रत्येक नावापुढे खूण करा: आपला, नक्की नाही, दुसऱ्याचा, गावात नाही. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांचे नंबर याच फेरीत घ्या आणि मतदानाच्या आधीच्या रविवारी फोन करा.

मतदानाच्या दिवशी सात वाजता पोचणारा एजंट अर्धं काम चुकवून येतो. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला, मॉक पोल (यंत्राची चाचणी) सुरू होतो. त्यात निदान पन्नास मतं टाकतात, नोटासह प्रत्येक बटण दाबलं जातं, निकाल दाखवतात, व्हीव्हीपॅटच्या (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या ताडतात आणि मग यंत्र साफ करतात. आपल्या उमेदवाराचं बटण दाबलं गेलं का, शेवटी एकूण शून्य झालं का, हे स्वतः बघायचं. यंत्राचे आणि सीलचे क्रमांक वहीत लिहायचे. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून वही आणि दोन पेनं. संध्याकाळी रांग संपेपर्यंत जागा सोडायची नाही, कारण केंद्राध्यक्ष १७ सी फॉर्मची, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांच्या हिशोबाची, प्रत हजर असलेल्या एजंटलाच सही घेऊन देतो. दिवसभर बसून पाच वाजता उठून गेलेला एजंट तो कागद गमावतो.

बाहेरचं टेबल मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या पलीकडे हवं. एक टेबल, दोन खुर्च्या, एवढीच मुभा. मतदाराला द्यायच्या स्लिपा कोऱ्या पांढऱ्या कागदावर. त्यावर उमेदवाराचं नाव किंवा चिन्ह आलं की तक्रार होते.

गावकऱ्यांनी वर्गणी काढून पत्रकं छापली, रिक्षाला भोंगा लावला. उमेदवाराला सांगितलंही नाही. आता नोटीस आली आहे.
(एक वाचक, सावंतवाडी)

भावना चांगली, पण उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा गुन्हा आहे. करणाऱ्यावर कारवाई होते आणि खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरला जाऊ शकतो. नोटिशीला दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या, पावत्या जोडा, आणि तो खर्च लगेच नोंदवहीत घ्या. लपवाल तर प्रकरण वाढेल.

पुढच्या वेळी पैसा एकाच वाटेने जाऊ द्या. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी उघडावं लागतं. वर्गणी त्याच खात्यात, शक्यतो यूपीआयने घ्या, देणाऱ्याचं नाव आपोआप राहतं. एका माणसाकडून १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख घ्यायची नाही, आणि एका दुकानदाराला संपूर्ण निवडणुकीत मिळून १०,००० पेक्षा जास्त रोख द्यायची नाही. मंडपवाल्याला चार वेळा चार-चार हजार दिले तर नियम मोडला. नोंदवहीत पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड आणि पिवळ्या पानांवर बँक. प्रचाराच्या काळात ती तीनदा तपासायला न्यावी लागते. अपक्षांची वही इथेच राहून जाते, कारण सगळे फिरतीवर असतात. बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेला एक कार्यकर्ता फक्त वहीसाठी ठेवा, त्याला घरोघरी पाठवू नका. कार्यकर्त्याच्या श्रमाची किंमत खर्चात धरत नाहीत, पण त्याचा चहा-नाश्ता जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे धरतात.

पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असलाच पाहिजे. विधानसभेची खर्चमर्यादा महाराष्ट्रात ४० लाख, गोव्यात २८ लाख रुपये आहे. तुमचा खर्च तिच्या आसपासही जाणार नाही, तरी निकालापासून ३० दिवसांत हिशोब द्यावाच लागतो. न दिल्यास उमेदवार तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. हरल्यावर सगळे थकलेले असतात, आणि नेमका तेव्हाच हा महिना निघून जातो.

आमच्या उमेदवाराच्या नावाचाच आणखी एक जण उभा केला आहे. काय करावं?
(एक वाचिका, कराड)

त्याला थांबवता येत नाही, म्हणून प्रचारात नावाआधी यंत्रावरचा क्रमांक, चिन्ह आणि फोटो आणा. २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचा ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि अपक्षांची नुसती ‘तुतारी’ यांत मतदार गोंधळले. दिंडोरीत तुतारी चिन्हाच्या अपक्षाला लाखावर मतं गेली. साताऱ्यात अशाच उमेदवाराची मतं पवारांच्या उमेदवाराच्या पराभवाच्या फरकापेक्षा जास्त होती. अपक्षाला मोकळ्या चिन्हांतून तीन पसंतीक्रमाने मागता येतात. दुरून, म्हाताऱ्या डोळ्यांना ओळखू येईल आणि एका शब्दात सांगता येईल असंच मागा. चिन्हवाटप होईपर्यंत एकही पत्रक छापू नका.

आमच्या घरात चार मतं, चौघांनी दिली. बूथवर उमेदवाराला दोन दाखवली. दाद कुठे मागायची?
(एक वाचक, वरुड)

आधी मतदार यादीत चौघांचा भाग क्रमांक बघा. एकाच घरातली नावं दोन बूथवर असणं नेहमीचं आहे, विशेषतः लग्न होऊन आलेल्या सुनांची आणि नव्याने नोंदवलेल्या मुलांची. मग निकालानंतर प्रसिद्ध होणारा फॉर्म २० काढा. त्यात बूथवार प्रत्येक उमेदवाराची मतं असतात. बूथची एकूण मतं तुमच्या एजंटकडच्या १७ सी च्या आकड्याशी ताडा. एजंटच नसेल तर हे ताडणं तिथेच थांबतं.

आकडे जुळले, चौघांचा बूथही एकच निघाला, तर घरात कुणावर संशय घेऊ नका. मत गुप्त आहे, आणि दबावाखाली वेगळं बटण दाबलेला माणूस घरीही ते सांगत नाही. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीवर वेगळंच चिन्ह दिसल्याची तक्रार मात्र त्याच क्षणी केंद्राध्यक्षाकडे लेखी करावी लागते. मग चाचणी मत घेतात, आणि तक्रार खोटी ठरली तर शिक्षा होते. यंत्राच्या मेमरीची तपासणी मागायचा हक्क फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला आहे, तोही निकालापासून सात दिवसांत आणि पैसे भरून. निवडणूक याचिका मात्र कुठलाही उमेदवार किंवा मतदार निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करू शकतो. त्यासाठी वकील लागतो, पुरावा लागतो आणि २,००० रुपयांची अनामत लागते. दोन मतांच्या फरकावर ती टिकणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. त्याऐवजी फॉर्म २० ची प्रत छापून ठेवा आणि आपल्या बूथच्या ओळीला खूण करा. यादीत नाव नसलेल्यांचे अर्ज भरून घ्यायचं काम पुढच्या निवडणुकीची वाट न बघता सुरू करता येतं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चारही तारखांना अठरा पूर्ण करणाऱ्यांची नोंद होते, आणि त्यासाठी फॉर्म ६ लागतो.