सहाव्या फेरीची कोथिंबीर

(खेळांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात आमचे ग्वाल्हेरचे नाना.)

प्रश्न : नाना, माझा भाचा टोरोंटोला नोकरीला आहे. तिथली बर्फावरची हॉकी तो जेवणखाण विसरून बघतो. मोसम संपत आला असताना त्याच्या संघानं तिशी उलटलेला एक बचावपटू घेतला आणि बदल्यात ‘पुढल्या वर्षीची सहाव्या फेरीची पिक’ देऊन टाकली. तेव्हापासून हा फोनवर नुसता धुमसतोय. म्हणे, उद्याचा दात्सुक (तो असाच शेवटच्या फेरीत सापडलेला मोठा खेळाडू) घालवला. आमचे हे म्हणतात, जो मुलगा अजून निवडलाच नाही त्याचं सुतक कशाला? दोघांची गजकाच्या डब्यावर पैज लागली आहे. कोण बरोबर? आणि ही पिक म्हणजे असते तरी काय?
— एक वाचक, दौलतगंज, लष्कर

उत्तर : ताई, डबा यजमानांना द्या. पण चार वड्या भाच्यासाठी काढून ठेवा. तो अगदीच चुकलेला नाही, नको त्या गोष्टीवर चिडलाय इतकंच.

पिक म्हणजे पाळी. खेळाडू नव्हे, नुसती पाळी. एनएचएल या त्यांच्या मोठ्या लीगमध्ये ३२ संघ आहेत. दर वर्षी, साधारण जूनच्या अखेरीला, अठरा-वीस वर्षांची नवी पोरं हे संघ आपसांत वाटून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या, फेरीत ३२ पाळ्या, एकूण २२४. जो संघ तळाला राहिला त्याची पाळी साधारण आधी, जिंकणाऱ्याची शेवटी. (अगदी वरच्या पाळ्यांसाठी चिठ्ठ्या टाकतात, नाहीतर लोक मुद्दाम हरतील.) ही पाळी स्वतः वापरा, नाहीतर दुसऱ्या संघाला देऊन त्याच्याकडून खेळाडू घ्या. पुढल्या वर्षीची पाळीही आज देता येते. तुमच्या भाच्याच्या संघानं तेच केलं.

आपण लहानपणी दुसरं काय करत होतो? इथल्या कंपू भागातल्या मैदानावर संध्याकाळी दोन कप्तान समोरासमोर उभे राहायचे आणि एकेक भिडू उचलायचे. पहिले तिघं-चौघं उचलताना भांडणं, शपथा, एकमेकांच्या आयांची नावं. शेवटचे दोघं-तिघं उरले की कोणाला काही पडलेलं नसायचं. मी कायम त्या शेवटच्यांत. कच्चं लिंबू. थोरल्या भावाची मोडकी स्टिक माझ्या वाट्याला आली होती. मध्ये तांब्याची तार गुंडाळलेली, मुठीला सायकलची जुनी ट्यूब. पावसात ती ट्यूब हातातून सुळकन निसटायची. एकदा तर आमच्या कप्तानानं पलीकडच्याला सरळ सांगितलं, “ह्याला तुम्ही घ्या, आम्हाला तुमचा तो बॉल द्या.” सौदा झाला. बॉलची शिवण उसवलेली होती, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

असा सौदा मोठ्या लीगमध्येही झालेला आहे. १९९३ साली विनिपेग संघानं क्रिस ड्रेपर नावाचा खेळाडू डेट्रॉइटला एका डॉलरला दिला. तेव्हाच्या भावानं तीस-एकतीस रुपये. त्यानं पुढे डेट्रॉइटकडून चार वेळा स्टॅनली कप, म्हणजे त्या लीगचं विजेतेपद, जिंकलं. मी एकदाही काही जिंकलो नाही, म्हणजे आमच्या कप्तानाचा हिशोब बरोबर होता.

आता किमतीकडे वळू. मी चौतीस वर्षं एजी ऑफिसात लोकांची खाती तपासली, त्यामुळे खेळाकडेही त्याच चष्म्यातून बघायची खोड लागली आहे. पाळ्यांची किंमत जिना उतरावी तशी पायरीपायरीनं उतरत नाही. किल्ल्याच्या कड्यावरून दगड सोडावा तशी ती सुरुवातीलाच कोसळते आणि मग खाली सपाटीवर लोळत राहते. पहिली पाळी आणि दहावी पाळी यांत जमीन-अस्मानाचं अंतर. पण १७० वी आणि २०० वी यांत? काही नाही. तिथवर येईपर्यंत ज्यांच्याबद्दल सगळ्यांना खात्री असते ती मुलं संपलेली असतात. उरतात ते ‘बघू या’वाले. त्यांतले बहुतेक त्या लीगचा एकही सामना खेळत नाहीत.

तिथं कंटाळा किती असायचा त्याचा एक किस्सा आहे. १९७४ साली ड्राफ्ट टेलिफोनवरून चालला होता. शेवटच्या फेऱ्या संपता संपेनात. बफेलो संघाचे व्यवस्थापक पंच इमलाक वैतागले आणि अकराव्या फेरीत त्यांनी तारो त्सुजिमोतो नावाचा जपानी खेळाडू निवडला. १८३ वी पाळी. लीगनं रीतसर नोंद केली. असा माणूस पृथ्वीवर नव्हताच. हे उघडकीला यायला बराच काळ गेला. आमच्या ऑफिसात असं बिल सापडलं असतं तर चौकशी बसली असती.

मग अशी पाळी संघ देतात कशाला आणि घेतात कशाला? बाजारात जाऊन बघा. भाजी घेतल्यावर आपण म्हणतोच ना, “भैया, थोडा धनिया डाल दो.” तो मूठभर कोथिंबीर आणि दोन मिरच्या टाकतो. सौदा भाजीचा असतो, कोथिंबिरीनं तो फक्त गोड होतो. सहाव्या-सातव्या फेरीची पाळी बहुतेक वेळा ही कोथिंबीर असते.

विकणाऱ्याच्या बाजूनं बघा. तो तिशी उलटलेला बचावपटू, त्याचा करार बहुधा जूनमध्ये संपत असणार. संघ तळाला आहे, कप मिळण्याची आशा नाही. त्याला ठेवला तर उन्हाळ्यात तो हात हलवत निघून जाणार आणि संघाच्या हाती शून्य. त्यापेक्षा सहाव्या फेरीची पाळी बरी. घेणाऱ्याला तो दोन-तीन महिन्यांचा भाडेकरू म्हणून हवा आहे, एखाद्याचा गुडघा दुखावला तर जागा भरायला. घेणाऱ्या व्यवस्थापकाची नोकरी यंदाच्या निकालावर टिकून आहे. ज्या पोराला तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतील त्याचं कौतुक करायला तो त्या खुर्चीत असेल की नाही, त्यालाच माहीत नसतं. उद्याची पाळी आज स्वस्त वाटते ती म्हणून. ड्राफ्टच्या दिवशी तर एखादा संघ म्हणतो, मला तुझी आत्ताची सातव्या फेरीची पाळी दे, पुढल्या वर्षी माझी सहाव्या फेरीची घे. एका वर्षाचं व्याज एक फेरी. सावकारी दर आहे, पण देणारे देतात.

आणखी एक गंमत म्हणजे निवडलेला पण अजून करार न केलेला मुलगा संघाला जवळजवळ फुकट पडतो. संघाला पन्नासच्या वर करार ठेवता येत नाहीत आणि २००५ पासून पगारावर वरची मर्यादाही आहे. या मुलाचा बोजा दोन्हीकडे पडत नाही. तो आपल्या गावी खेळत राहतो, संघ लांबून बघतो. बरा निघाला तर बोलवायचा, नाहीतर हक्क सोडायचा.

आता तुमच्या भाच्याचा दात्सुक. पावेल दात्सुक १९९८ मध्ये डेट्रॉइटनं सहाव्या फेरीत घेतला, १७१ व्या पाळीला. आज तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे त्या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, आहे. पुढच्याच वर्षी त्याच डेट्रॉइटनं हेन्रिक झेटरबर्ग सातव्या फेरीत उचलला, २१० वा. २००८ साली कप आला तेव्हा प्लेऑफमधला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद लढतींतला, सर्वोत्तम खेळाडू तोच. हे सगळं खरं आहे. पण ताई, भाच्याला एक विचारा. डेट्रॉइटला दात्सुक काय चीज आहे ते खरंच कळलं असतं, तर १७१ व्या पाळीपर्यंत ते थांबले असते का? त्याच्या आधी त्यांनी स्वतःच दुसरी मुलं निवडली होती. आणि त्याआधीच्या दोन ड्राफ्टमध्ये कुणीच त्याला घेतलं नव्हतं, डेट्रॉइटनंही नाही. म्हणजे त्या दिवशी १७१ व्या पाळीची किंमत ‘एक दात्सुक’ नव्हती. ती एका चिठ्ठीची किंमत होती, आणि ती चिठ्ठी लागली.

तरी नुसत्या नशिबावर मी सोडून देणार नाही. डेट्रॉइटचा युरोपातला निरीक्षक होता होकान अँडरसन. तो रशियात दुसऱ्याच एका मुलाला बघायला गेला आणि समोरच्या संघातला हा किरकोळ बांध्याचा पोरगा त्याच्या डोळ्यांत भरला. झेटरबर्गचंही तसंच, बघायला गेले एकाला आणि आवडला दुसरा. त्या काळी रशियातल्या आडगावच्या सामन्यांना फार कुणी जात नसे. हा जात होता. पाळी सगळ्यांकडे होती, तिकीट काढून थंडीत बाकावर बसणारा माणूस सगळ्यांकडे नव्हता. कोथिंबीर तीच, पण एकाच्या घरी तिची वडी होते आणि दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये ती काळी पडते.

अर्थात बघणाऱ्यांचंही काही खरं नाही. स्वीडनचे लुंडक्विस्ट जुळे भाऊ घ्या. २००० च्या ड्राफ्टमध्ये जोएलला डॅलसनं तिसऱ्या फेरीत ६८ वा घेतला. हेन्रिक, गोलकीपर, न्यूयॉर्क रेंजर्सना सातव्या फेरीत २०५ वा मिळाला. एका आईची, एका दिवशी जन्मलेली पोरं, आणि मध्ये १३६ नावं. हेन्रिकनं त्या लीगमध्ये ४५९ सामने जिंकले आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. जोएलला बिचाऱ्याला तिथं दीडशे सामनेही खेळायला मिळाले नाहीत. गोलकीपर उशिरा पिकतात, अठराव्या वर्षी त्यांच्याबद्दल काही सांगणं कठीण असतं. म्हणून शेवटच्या फेऱ्यांत चाणाक्ष संघ बरेचदा गोलकीपरवर चिठ्ठी लावतात. डॉमिनिक हाशेक १९८३ मध्ये दहाव्या फेरीत गेला होता. तेव्हा दहा-बारा फेऱ्या चालायच्या, सात झाल्या त्या २००५ पासून.

त्याच २००५ मध्ये नॅशव्हिलनं ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या, २३० व्या पाळीला पॅट्रिक हॉर्नक्विस्ट घेतला. पुढे त्यांनी त्याला पिट्सबर्गला देऊन टाकला. २०१७ ची अंतिम लढत याच दोन संघांत झाली आणि तिचा शेवटचा सामना नॅशव्हिलच्याच मैदानात होता. दीड मिनिट उरलं असताना कप ठरवणारा गोल कुणी मारला? त्यानंच. भाच्यानं चिडायचंच असेल तर नॅशव्हिलच्या लोकांसाठी चिडावं.

तर निकाल असा. एक सहाव्या फेरीची पाळी गेली म्हणून सुतक नको, यजमान जिंकले. पण भाच्याला सांगा, पुढल्या खेपेला संघाकडे त्या वर्षीच्या एकूण किती पाळ्या उरल्यात ते मोज. सातांतल्या सहा हातात असतील तर गप्प बस. दर मार्चमध्ये एक इथं, दोन तिथं असं करत सातांतल्या तीनच उरल्या असतील, तर खुशाल आरडाओरडा कर. चिठ्ठी एक असो की दोन, लागणं कठीणच. पण ज्याच्याकडे दहा आहेत आणि ज्याच्याकडे तीन, ते दोघं दहा वर्षांनी एका जागी नसतात. निरीक्षकांना पगार द्यायचा आणि त्यांच्या हातात निवडायला पाळीच ठेवायची नाही, असला खर्च मी ऑफिसात असताना लाल शाईनं खोडला असता.

प्रश्न : मग आपल्या हॉकी इंडिया लीगमध्ये लिलाव का? ड्राफ्ट का नाही?
— एक विद्यार्थी, मुरार

उत्तर : कारण वाटायला भविष्यच नाही. तिकडे ड्राफ्ट होतो नवख्यांचा, आणि निवडलेल्या पोरावर त्या संघाचा काही वर्षं हक्क राहतो. आपली लीग थंडीतले काही आठवडे चालते. उरलेलं वर्ष खेळाडू रेल्वेचा, पेट्रोलियम कंपनीचा नाहीतर सैन्यदलाचा. सहाव्या फेरीत घेतलेलं पोर पाच वर्षं सांभाळणार कोण आणि कुठं? त्यापेक्षा पैसे मोजा आणि तयार माल उचला. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगवर ७८ लाखांची बोली लागली, मुलींमध्ये उदितावर ३२ लाखांची. खेळाडूच्या दृष्टीनं मला लिलाव बरा वाटतो, निदान पैसा त्याच्या खिशात जातो. ड्राफ्टमध्ये पोराला कुणी विचारतच नाही, बाबा रे, तुला कुठल्या गावी जायचंय. आम्हाला तरी कुठं विचारलं होतं म्हणा.

आपल्याकडे पोर सांभाळण्याचं काम अकादम्या करतात. कंपूतल्या मुलींच्या अकादमीत मणिपूरहून आलेली सुशीला चानू २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला भारताची कप्तान होती. सकाळी साडेसहाला त्या बाजूला फिरायला जा, जाळीबाहेरून सराव दिसतो.

प्रश्न : कॅप्टन रूपसिंह स्टेडियम नाव हॉकीपटूचं आणि सामने क्रिकेटचे, हे कसं?
— एक वाचक, शिंदे की छावणी

उत्तर : मैदान मुळात हॉकीचंच होतं. रूपसिंह ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यात होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला आपण २४-१ हरवलं, त्यांतले दहा गोल त्यांचे. पुढे तिथं क्रिकेट आलं, १९८८ मध्ये पहिला एकदिवसीय सामना झाला, २०१० मध्ये सचिननं द्विशतक ठोकलं, आणि नव्या पोरांना वाटायला लागलं की रूपसिंह हे कुणी जुने फलंदाज असावेत. २०२४ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर गेलंय. परवा त्या जुन्या मैदानावरून रिक्षानं येताना रिक्षावाल्याला विचारलं, रूपसिंह कोण? तो म्हणाला, “बाबूजी, कोई बड़े कप्तान थे.” अर्धे गुण दिले.