समुद्रावरची सोंड

प्रश्न : मोरजीच्या समुद्रात ढगातून खाली उतरलेली सोंड दिसली. हे चक्रीवादळच का? होडीत असलो तर काय करावे? – एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते. मे २०२१ मधले 'तौक्ते' तसे होते. तुम्ही पाहिला तो जलस्तंभ, म्हणजे पाण्यावर फिरणारा हवेचा भोवरा. बहुतेक जलस्तंभ काही मिनिटांतच विरतात. सोंडेत समुद्राचे पाणी वर चढत नाही. ती बाष्प थंड होऊन बनलेल्या थेंबांचा ढगच, तुषार फक्त तळाशी उडतात. गडगडाटी ढगाखालचा मात्र खरा टोर्नेडो, म्हणजे विध्वंसक वावटळ, असू शकतो.

सोंड डावी-उजवीकडे न सरता नुसती मोठी होत असेल, तर ती तुमच्याकडेच येतेय! तिच्या वाटेला काटकोनात होडी काढा, चित्रीकरणासाठी क्षणभरही थांबू नका. किनाऱ्यावर असाल तर माड, पत्र्याची शेड टाळून पक्क्या घरात खिडक्यांपासून लांब बसा.