मुलगी म्हणते फुटबॉलच खेळणार, काय करू?

हा प्रश्न मला पुण्याच्या मैत्रिणीही फोनवर विचारतात, पण मी स्वतः ज्या केसमधून शिकले ती एका तुर्की आईची आहे. मी जर्मनीत कोलोनला समुपदेशक आहे, इथे तुर्की कुटुंबं भरपूर. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

आई बेचाळीसची, मुलगी सोळाची. मुलीला तुर्कीच्या ज्युनियर नॅशनल टीमच्या कॅम्पचं बोलावणं आलेलं, आणि आता शाळा सोडून थेट इस्तंबूलच्या क्लबकडे जायचं असा तिचा हट्ट. आई म्हणे, "होजाम, समजवा हिला, बायकांच्या फुटबॉलमध्ये काही नाहीये." होजाम म्हणजे आपलं सर-मॅडम. मी मनातल्या मनात शिक्का मारून मोकळी, जुन्या वळणाचं घर, लोक काय म्हणतील वगैरे. सपशेल चुकले.

दुसऱ्या सेशनला मुलगी घोट्याला टेप लावून लंगडत आली. आई बोलताना सारखी त्या टेपकडे बघत होती, शेवटी राहवेना, खाली बसली, सगळी टेप सोडली आणि टाचेखालून आडवी ओढून इतकी सफाईने परत बांधली की मुलगी बघतच राहिली. कुठे शिकलात म्हटलं तर गप्प. मग हळूहळू निघालं की बाई स्वतः इस्तंबूलमध्ये लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडची बचावपटू, म्हणून खेळायची, आणि 2003 ला तिकडची महिला लीगच बंद पडली, ती परत सुरू झाली 2006-07 च्या सीझनला. "एकोणीसची होते मी. कोणी सांगितलं पण नाही, नुसत्या मॅचेस यायच्या थांबल्या."

लेकीला यातलं काहीच माहीत नव्हतं!

मुलगी लगेच बिल्गिन देफ्तेर्लीचं उदाहरण घेऊन बसली. 1980 ची, इस्तंबूलची, लीग बंद पडली तरी थांबली नाही, पुढे जर्मनीत येऊन आमच्याच एफसी कोलोनकडून खेळली, तुर्कीकडूनही खेळली. आई शांतपणे म्हणाली, "ती एक. आम्ही बाकीच्या?" यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. 2021-22 पासून महिलांची सुपर लीग आहे, गालातासराय, फेनरबाहचे, बेशिक्ताश हे इस्तंबूलचे मोठे क्लब सगळे उतरलेत, पण ज्या बाईने एकदा लीग गायब होताना बघितलीय तिला ही नावं सांगून काय पटणार?

म्हणून मी पटवणं सोडलं आणि प्रश्नच फोडला. देशाकडून खेळणं वेगळं, शाळा सोडणं वेगळं. मेलिके पेकेल म्युनिकला जन्मली, फ्रान्समध्ये मेत्झ, पॅरिस सेंट जर्मेनकडून खेळली आणि तुर्कीची इंटरनॅशनल झाली, त्यासाठी इस्तंबूलला राहावंच लागतं असं काही नाही. कॅम्पला आईने हो म्हटलं. क्लबला विचारायचे प्रश्न आईनेच लिहून काढले, करार किती वर्षांचा, गुडघा गेला तर खर्च कोण करणार, राहायचं कुठे, शाळेचं काय. मी सुचवले असते त्यापेक्षा हे प्रश्न कितीतरी नेमके होते.

इस्तंबूलचं अजून ठरलेलं नाही, शाळा संपल्यावर बघू म्हणतात. परवा मुलीचा मेसेज आला, आन्ने (म्हणजे आई) आता मॅचला येते पण आमच्या बेंचपासून लांब उभी राहते, कारण ती कोचपेक्षा जास्त ओरडते.