एकाच बाकावर बसणाऱ्यांविषयी

प्रिय मित्रा,

तुझा राग मला समजला, पण त्यातून तू काढलेला निष्कर्ष पटला नाही. राष्ट्रीय दिनाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, वेदीशेजारी ध्वज उभा करायचा की नाही यावरून आपल्या चर्चच्या युवा गटात जुंपली. कुणी तुला देशद्रोही ठरवलं, तूही त्यांना 'देवापेक्षा झेंडा मोठा मानणारे' म्हणून मोकळा झालास. आणि आता तुला शेजारच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मिस्सेला जायचंय, कारण तिथे 'आपल्या विचारांची माणसं' आहेत.

ध्वजाचं आधी उरकून टाकतो. वेदीजवळ काय असावं हे ठरवणं प्रमुख धर्मगुरूंचं आणि बिशपांचं काम आहे. माझं मत विचारशील तर ध्वजाला आवारात, सगळ्यांना दिसेल अशी मानाची जागा द्यावी आणि वेदी ख्रिस्तप्रसादासाठी, म्हणजे मिस्सेतल्या पवित्र भाकरीसाठी, मोकळी ठेवावी. पण माझ्या मताविरुद्ध ठरलं तरी मी जेवण सोडणार नाही. मैत्री तोडावी एवढा हा विषय मोठा नाही.

धर्मग्राम बदलण्याची गोष्ट मात्र गंभीर आहे. चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेतला ५१८वा नियम सांगतो की धर्मग्राम साधारणपणे हद्दीवर आखलेला असतो. त्या हद्दीत राहणारा प्रत्येक कॅथलिक त्यात आला, आवडनिवड कुणी विचारत नाही. म्हणून कर बुडवणारा व्यापारी, त्याची फाइल तपासणारी अधिकारी, सत्ताधाऱ्यांचा कार्यकर्ता आणि मोर्चात मार खाल्लेली मुलगी एकाच रांगेत ख्रिस्तप्रसाद घ्यायला उभी राहतात. ५३४वा नियम तर प्रमुख धर्मगुरूंवर बंधनच घालतो, की दर रविवारी आपल्या धर्मग्रामातल्या लोकांसाठी मिस्सा अर्पण करायची. त्यातून कुणाला वगळायची सोय नाही.

देशाचं याहून वेगळं काय असतं? सोबतचे नागरिक कुणी अर्ज मागवून निवडलेले नसतात. ज्याला फक्त आपल्या मताची माणसं चालतात त्याला गट चालवता येईल, देश नाही. म्हणून मला वाटतं की देशप्रेमाचा खरा सराव भाषणात होत नाही. ज्याचं तोंड पाहू नये असं वाटतं त्याच्याच बाकावर बसण्यात तो होतो. तू निघून गेलास तर नेमका तोच तास बुडवशील.

'कैसराचे ते कैसराला द्या, देवाचे ते देवाला' हे रोमन सम्राटाला कर देण्याविषयीचं येशूचं वचन दोन्ही बाजू आपापल्या सोयीने अर्धंच म्हणतात. नाण्यावर कैसराची प्रतिमा होती म्हणून नाणं कैसराचं. मग ज्याच्यावर देवाची प्रतिमा आहे तो माणूस कुणाचा? कॅथलिक चर्चची शिकवण एकत्र मांडणारा धर्मशिक्षणग्रंथ दोन्ही अर्धी सांभाळतो. कर भरणं, मतदान करणं, देशाचं रक्षण करणं ही २२४०व्या परिच्छेदात नैतिक कर्तव्यं म्हणून येतात, आणि २२४२व्यात सांगितलंय की सत्तेचा आदेश नीतीविरुद्ध असेल तर तो न पाळणं हेही विवेकाचं बंधन आहे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये आधुनिक जगाविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात नागरिकांनी उदार आणि निष्ठावंत देशप्रेम जोपासावं, पण मन कोतं ठेवू नये, असं म्हटलंय. तुमच्या गटात एकाने या वाक्याचा पूर्वार्ध उचलला, तू उत्तरार्ध.

फ्रान्झ येगरस्टेटरचं नाव ऐकलं असशीलच. ऑस्ट्रियातल्या सेंट राडेगुंडचा हा शेतकरी तिथल्याच चर्चमध्ये सॅक्रिस्टन होता. चर्च उघडायचं, मिस्सेची तयारी करायची, अशी रोजची साधी कामं त्याच्याकडे. १९३८मध्ये जर्मनीत विलीन होण्यावर मतदान झालं, तेव्हा त्या गावात विरोधात मत देणारा तो एकटाच. पुढे हिटलरसाठी लढायला त्याने नकार दिला. सैन्यात शुश्रूषेचं काम करायची तयारी त्याने दाखवली होती, पण ती मान्य झाली नाही. बायको होती, लहान मुली होत्या. धर्मगुरूंनी आणि खुद्द बिशपांनीही त्याला कुटुंबाची जबाबदारी आठवून दिली. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला, आणि २००७मध्ये चर्चने त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्याच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं लक्ष मात्र मधल्या वर्षांवर जातं. गावात मत एकट्याचं पडल्यावरही, ज्या गावकऱ्यांनी उलट कौल दिला त्यांच्याच चर्चमध्ये तो मिस्सेची तयारी करत होता. त्याने आपला वेगळा कंपू काढला नाही. तुझ्यापुढचा प्रसंग त्यामानाने किरकोळ आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता हाताला काम देतो. विश्वासूंच्या प्रार्थना, म्हणजे मिस्सेत सगळ्यांच्या वतीने केल्या जाणाऱ्या विनंत्या, लिहायची जबाबदारी युवा गटाकडे मागून घे. मिस्सेच्या नियमावलीत त्यांचा क्रम दिलाय: आधी चर्चसाठी, मग राज्यकर्ते आणि साऱ्या जगासाठी, मग पीडितांसाठी, शेवटी स्थानिक समाजासाठी. यातली दुसरी लिहिताना पेन अडखळतं. 'आमच्या नेत्यांना सद्बुद्धी दे' असं लिहायचा मोह होईल. ती प्रार्थना नव्हे, टोमणा आहे, आणि अख्ख्या चर्चला ते कळतं. निम्मी माणसं 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' जोरात म्हणतात, निम्मी गप्प राहतात. याउलट 'आमचे महान नेते' लिहिलंस तर ती आरती झाली. पौलाने तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय. राजा आवडता असावा अशी अट घातलेली नाही. कायदे करणाऱ्यांना दुर्बळांचं गाऱ्हाणं ऐकू यावं, न्याय देणाऱ्यांचा हात कचरू नये, असं काही लिही. दोन्ही बाजूंना मोठ्याने म्हणता येईल असं एक वाक्य जुळवायला आख्खी संध्याकाळ जाते, जाऊ दे.

प्रवचनातून आपली बाजू मांडावी म्हणून धर्मगुरूंच्या मागे लागू नकोस. पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घ्यायला त्यांना एरवी मनाई आहे. ते काम तुझ्यामाझ्यासारख्या प्रापंचिकांचं. चर्चबाहेर राजकारण खुशाल कर, हव्या त्या पक्षात जा.

आणखी एक, जरा कंटाळवाणं. धर्मगुरूंना कामात मदत करणारं धर्मग्रामाचं पाळकीय मंडळ फक्त सल्ला देतं, पण प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे, आणि लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावाच लागतो. दुसऱ्या शतकात संत जस्टिनने रविवारच्या उपासनेचं वर्णन केलंय. त्यात जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी जातं. तेव्हा वार्षिक हिशेब फलकावर लागला की नुसता पुढे जाऊ नकोस, उभा राहून वाच. गरजूंसाठी किती आणि रंगरंगोटीसाठी किती, ते विचार. शांतपणे, तोंडावर, कुणाची लाज न काढता. जो हे चर्चच्या आवारात शिकला तो उद्या नगरपालिकेतही नीट विचारेल. झेंड्यावरून भांडणारे पुष्कळ मिळतात, ताळेबंद वाचणारे फार थोडे.

ज्याने तुला देशद्रोही म्हटलं, त्यालाच प्रार्थनांच्या कामात सोबत घे. दुसरी प्रार्थना त्याने लिहावी आणि तू तपासावीस. पीडितांसाठीची तू लिही, ती तो तपासेल. भांडण होईलच, पण निदान कागदावर होईल. मसुदा तयार झाला की मला पाठव. 'सद्बुद्धी' दिसली तर मी खोडणार आहे.

तुझा,
एक जुना वाचक, रविवारच्या मिस्सेतला