फ्लँजची भोकं एकेक काढू नका, एकच काढून फिरवा

तुमचा प्रश्न असा: कॅडमध्ये पंपाच्या केसिंगवर फ्लँजची (पाइप बोल्टनं जोडायची चपटी कडी) 8 भोकं स्केचमध्ये कॉपी करून काढली, आणि गिऱ्हाईकानं पीएन 16 ऐवजी पीएन 25 (पीएन म्हणजे दाबाचा वर्ग) मागितल्यावर सगळं स्केच एररनं लाल झालं.

स्केचमध्ये भोकं रिपीट करूच नका. होल फीचरनं एकच भोक काढा आणि फ्लँजच्या अक्षाभोवती सर्क्युलर पॅटर्न द्या. पीसीडी (भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास), भोकाचा व्यास आणि संख्या ही तीन मापं नाव देऊन ठेवा. डीएन 100 ला (डीएन म्हणजे पाइपचा नाममात्र आकार) पीएन 16 मध्ये पीसीडी 180 आणि भोक 18 मिमी, तर पीएन 25 मध्ये 190 आणि 22. संख्या दोन्हीकडे 8च. म्हणजे दोन आकडे बदलले की भोकांचं काम झालं. फ्लँजचा बाहेरचा व्यास तेवढा 220 चा 235 करा.

पहिलं भोक मध्यरेषेवर घेऊ नका. भोकं मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना येतात, म्हणून 8 भोकांना सुरुवात 22.5 अंशांवर. हे चुकलं तर साइटवर पाइप जुळत नाही.

आणि आपल्या कोल्हापुरात सगळ्यात महत्त्वाचं: भोकं फीचर ट्रीच्या (मॉडेलच्या पायऱ्यांची यादी) शेवटी ठेवा. शिरोलीच्या फाउंड्रीला कास्टिंगचं मॉडेल भोकांशिवाय लागतं, ड्रिलिंग नंतर होतं. कास्टिंग आणि मशिनिंग अशी दोन कॉन्फिगरेशन (एकाच मॉडेलची दोन रूपं) करून पहिल्यात भोकं सप्रेस, म्हणजे बंद, करा. एकाच फाइलमधून दोन्ही ड्रॉइंग निघतात.

भोकांच्या कडांना चॅम्फर हवा असेल तर तो पॅटर्नच्या आधी, पहिल्या भोकालाच द्या.