‘अदिन्नादान’ आणि ‘थेय्य’

पंचशीलातील दुसरे शील ‘अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि’ असे आहे. पालीत चोरीसाठी ‘थेय्य’ (संस्कृत ‘स्तेय’) हा नेमका शब्द असताना येथे ‘अदिन्नादान’ का योजला आहे, अशी पृच्छा आली आहे.

‘दिन्न’ म्हणजे दिलेले, ‘अदिन्न’ म्हणजे न दिलेले आणि ‘आदान’ म्हणजे घेणे. ‘थेय्य’ घेणाऱ्याच्या मनाविषयी बोलतो, तर ‘अदिन्नादान’ मालकाने ती वस्तू दिली होती का, एवढेच विचारतो. जैन परंपरेतील ‘अदत्तादान’ही याच घडणीचा शब्द आहे.

विनयपिटकातील, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांच्या ग्रंथातील, दुसऱ्या पाराजिकाची (संघातून कायमचे बाद करणाऱ्या अपराधाची) कथा याच शब्दाभोवती फिरते. राजगृहात धनिय नावाच्या, कुंभारपुत्र असलेल्या भिक्षूने नगराच्या डागडुजीसाठी राखून ठेवलेली राजाची लाकडे ‘राजाने मला दिली आहेत’ असे सांगून नेली. राजा बिंबिसाराने जाब विचारला, तेव्हा राज्याभिषेकाच्या वेळी श्रमण-ब्राह्मणांना गवत, लाकूड आणि पाणी दिल्याची राजानेच केलेली घोषणा धनियाने त्याला आठवून दिली. ती घोषणा रानातील, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या वस्तूंपुरती होती, असे राजाने बजावले. म्हणजे वाद चोरीच्या व्याख्येवर नव्हताच; तो ‘दिन्न’ कशाला म्हणावे, यावर होता.

पूर्वी न्यायाधिकारी असलेल्या एका भिक्षूला बुद्धांनी विचारले, की बिंबिसार किती किमतीच्या चोरीला वध, बंधन किंवा हद्दपारीची शिक्षा देतो. त्यावर ‘एक पाद’ असे उत्तर आले. तेव्हा राजगृहात पाद हे नाणे पाच मासकांचे होते, आणि तीच मर्यादा संघाने स्वीकारली: तेवढ्या किंवा अधिक किमतीची वस्तू चोरणारा भिक्षू पाराजिक, म्हणजे संघाला कायमचा मुकलेला. (आपला चतुर्थांश या अर्थाचा ‘पाव’ या ‘पादा’तूनच आला आहे, आणि तोळा-माशातील ‘मासा’ही ‘मासका’चाच आप्त आहे.)

मात्र या पाराजिकाच्या नियमात ‘अदिन्नं’ला जोडूनच ‘थेय्यसंखातं’, म्हणजे चोरीच्या बुद्धीने, असे पद घातले आहे. म्हणून शीलाचा अनुवाद ‘न दिलेले घेणे’ असाच करावा आणि विनयाच्या नियमात दोन्ही पदे राखावीत, असे मला आग्रहाने वाटते. वस्तू आपलीच समजून, मित्राच्या विश्वासावर किंवा परत करण्यासाठी तात्पुरती घेतली, तर विनय दोष मानत नाही. उकिरड्यावरची चिंधी, म्हणजे पांसुकूल, कोणी हातात दिलेली नसते. तरीही ती उचलून चीवर शिवणारा भिक्षू निर्दोष ठरतो, कारण विनयातील ‘अदिन्न’ची व्याख्याच न दिलेली, न टाकलेली आणि दुसऱ्याने आपली म्हणून राखलेली वस्तू अशी आहे.