शेजाऱ्याची घरपट्टी इतकी कमी कशी?

प्रश्न : माझ्या मुलाने कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ नुकतेच घर घेतले. शेजारच्या तशाच घरात १९८५पासून राहणारे वृद्ध दांपत्य जेवढा मालमत्ता कर भरते, त्याच्या चौपटीहून अधिक कर त्याला भरावा लागतो. हा नियम तेथील नागरिकांनीच मतदानाने केला, असे तो सांगतो. हे कसे घडले? आपल्याकडे असे करता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपला मुलगा सांगतो ते खरे आहे. कॅलिफोर्नियात १९११पासून नागरिकांना ठरावीक संख्येने सह्या गोळा करून एखादा प्रस्ताव थेट मतदानाला ठेवता येतो. राज्यघटनेत दुरुस्ती करायची असेल, तर राज्यपालपदाच्या मागील निवडणुकीत झालेल्या मतदानाच्या ८ टक्के सह्या लागतात. १९७०च्या दशकात तेथे घरांच्या किमती झपाट्याने वाढल्या आणि किमतीबरोबर करही वाढत गेला. घर विकायचे नसलेल्या निवृत्त माणसाच्या हातात त्या वाढीव किमतीतला एक डॉलरही येत नव्हता, पण कराचे बिल मात्र येत होते. करकपातीसाठी झटणारे हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी पुढे आणलेला ‘प्रपोझिशन १३’ हा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव ६ जून १९७८ रोजी सुमारे ६५ टक्के मतांनी संमत झाला, त्यामागे कर न झेपून घर सोडावे लागेल ही भीती होती आणि ती रास्त होती.

या दुरुस्तीने कराचा मूळ दर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर बांधला, जुन्या मालमत्तांचे मूल्यांकन १९७५-७६च्या पातळीवर नेले आणि त्यात वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास मनाई केली. मात्र घराची मालकी बदलली की मूल्यांकन चालू बाजारभावाने नव्याने होते. समजा, शेजाऱ्यांनी १९८५ साली दीड लाख डॉलरना घर घेतले असेल, तर २०२४पर्यंत त्याचे मूल्यांकन फार तर सव्वातीन लाखांपर्यंत पोहोचते. तेच घर आज पंधरा लाखांना घेणाऱ्याचा कर मात्र पंधरा लाखांवर आकारला जातो. ही विषमता घटनाबाह्य आहे, असा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली फेटाळला.

माझ्या मते दोष मर्यादा घालण्यात नाही, ती कोणाला लागू होते यात आहे. गरज कोणाला आहे हे हा नियम पाहत नाही, घर कधी घेतले एवढेच पाहतो, आणि व्यापारी मालमत्तांनाही तेच संरक्षण देतो. पहिल्याच वर्षी मालमत्ता कराचे उत्पन्न निम्म्याहून खाली आले आणि शाळा व स्थानिक संस्था राज्य सरकारच्या मदतीवर अधिक विसंबू लागल्या. शिवाय मतदारांनी केलेली घटनादुरुस्ती विधिमंडळाला परस्पर बदलता येत नाही. व्यापारी मालमत्तांपुरती सुधारणा सुचवणारा प्रस्ताव २०२० साली मतदारांनीच थोड्या फरकाने नाकारला. आईवडिलांकडून मुलांकडे जाणाऱ्या घरांना जुनेच मूल्यांकन चालू ठेवण्याची सवलत मात्र त्याच निवडणुकीत आकुंचित झाली.

महाराष्ट्रात नागरिकांना सह्या गोळा करून कायदा मतदानाला ठेवण्याची तरतूद नाही. करआकारणीवर मुदतीत लेखी हरकत घेणे, तिच्या सुनावणीला हजर राहणे आणि नगरसेवकांना जाब विचारणे, हे मार्ग आपल्या हाती आहेत, आणि ते आपण पुरेसे वापरत नाही, याची मला खंत वाटते.

आपल्या मुलाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खरेदीनंतर नव्या मूल्यांकनातील फरकाचे पुरवणी बिल वेगळे येते, त्यासाठी पैसे बाजूला ठेवावेत; आणि तो स्वतः त्या घरात राहत असल्यास मूल्यांकनात ७,००० डॉलरची सूट मिळते, म्हणजे वर्षाला साधारण ७० डॉलर वाचतात, पण त्यासाठी काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) मूल्यांकन कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो.